आवाज थांबले नाहीत तरी

स्किझोफ्रेनियाबद्दल या सदराकडे आलेल्या पत्रांत एक तक्रार पुन्हा पुन्हा दिसते. गोळ्या चालू आहेत, माणूस बराच सावरला आहे, पण कानातले आवाज काही जात नाहीत. म्हणून या वेळी फक्त औषधांच्या जोडीने करायचे उपचार घेतले आहेत. पत्रं थोडक्यात दिली आहेत, नावं गाळली आहेत. आजार असलेल्या माणसाला ‘शुभार्थी’ आणि त्याला सांभाळणाऱ्याला ‘शुभंकर’ हे आपल्याकडच्या स्वमदत गटांत रुळलेले शब्द आम्हीही वापरतो.

प्रश्न : माझा मुलगा २७ वर्षांचा आहे. तीन वर्षं गोळ्या घेतो. संशय, आरडाओरडा सगळं थांबलं, पण संध्याकाळ झाली की दोन पुरुष त्याच्याबद्दल आपसांत बोलतात, त्याला नावं ठेवतात. डोस वाढवला की तो दिवसभर झोपून राहतो. गोळ्या सोडून दुसरा काही उपाय आहे का? (एक आई, सांगली)

उत्तर : ‘गोळ्या सोडून’ याचे दोन अर्थ होतात. ‘गोळ्यांखेरीज आणखी काही’ असं विचारत असाल, तर आहे, आणि पुष्कळ आहे. ‘गोळ्या बंद करून’ असं मनात असेल, तर कृपा करून तसं करू नका. २०१२ मध्ये ६५ चाचण्यांचा एकत्र हिशेब मांडला गेला. गोळ्या थांबवलेल्या दर १०० जणांपैकी ६४ जणांचा आजार साधारण वर्षभरात उलटला, चालू ठेवलेल्यांत हा आकडा २७ होता. पुढे जे सांगतो आहोत ते गोळ्यांच्या जोडीला करायचं आहे.

गोळ्या नीट घेऊनही आवाज उरणारे बरेच असतात, साधारण चारांत एक. म्हणजे तुमचा मुलगा काही कमी पडतोय किंवा तुम्ही काही चुकताय असं नाही. पण नवा उपचार सुरू करण्याआधी चार गोष्टी तपासून घ्या. गोळी खरंच पोटात जाते का, की कधी गालात राहते? झोप किती? रात्रीचं जागरण झालं की दुसऱ्या दिवशी आवाज वाढतात. गांजा किंवा दारू आहे का? मुलाला न रागावता विचारा, नाहीतर खरं उत्तर मिळणार नाही. आणि कान तपासले आहेत का? ऐकू कमी येत असेल तर मेंदू रिकामी जागा स्वतःच भरतो आणि आवाज बळावतात. कानाच्या डॉक्टरांकडे ऑडिओमेट्री अर्ध्या तासात होते, पण तिची आठवण फार थोड्यांना होते. दोन वेगवेगळी औषधं पुरेशा डोसने, प्रत्येकी किमान सहा आठवडे देऊनही आवाज तसेच असतील, तर क्लोझापिन या औषधाबद्दल डॉक्टरांना स्पष्ट विचारा. त्यात रक्ताच्या नियमित तपासण्या कराव्या लागतात, म्हणून हा विषय अनेकदा लांबणीवर पडतो.

आता बोलून करायचा उपचार. याचं नाव सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं यांवर काम करणारी पद्धत, आणि तिचा सायकोसिससाठी, म्हणजे भास-भ्रम होणाऱ्या आजारांसाठी, खास बेतलेला प्रकार. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की स्किझोफ्रेनिया असलेल्या प्रत्येकाला ही द्यावी, एकेकट्याला, आणि किमान १६ सत्रं. फायदा लहान ते मध्यम असतो, हे आधीच सांगतो. आवाज बंद पाडणं हे या उपचाराचं उद्दिष्टच नाही. आवाजाचा वचक मोडणं हे आहे.

हे कसं घडतं ते समजून घ्या. पॉल चॅडविक आणि मॅक्स बर्चवुड या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये दाखवलं की माणसाला किती त्रास होतो, हे आवाज काय बोलतो यापेक्षा ऐकणारा त्या आवाजाबद्दल काय समजतो यावर जास्त ठरतं. ‘तू बिनकामाचा आहेस’ हे वाक्य रस्त्यावरच्या अनोळखी माणसाने म्हटलं तर आपण पुढे निघून जातो. तेच सर्वज्ञ, सर्वशक्तिमान कोणीतरी म्हणतंय असं वाटलं तर माणूस कोसळतो. म्हणून उपचारक चार गोष्टी विचारतो : हा आवाज कोणाचा वाटतो, त्याचा हेतू काय, त्याची ताकद किती, आणि ऐकलं नाही तर काय होईल?

पहिली तीन-चार सत्रं ओळखीत आणि आवाजांचा इतिहास समजून घेण्यात जातात. मग वही येते. साधी शंभर पानी वही, आडवे पाच रकाने : किती वाजता, कुठे आणि काय करत असताना, आवाज शब्दशः काय म्हणाला, ते किती खरं वाटलं (० ते १००), आणि मग मी काय केलं. दिवसाला दोनच नोंदी, जास्त नाहीत. जास्त नोंदींच्या नादात मुलगा दिवसभर आवाजांकडेच कान लावून बसतो आणि वहीच त्रास वाढवते. दोन आठवड्यांत काहीतरी आकार दिसू लागतो. तुमच्या मुलाच्या वहीत कदाचित असं निघेल की सहा ते आठच्या दरम्यान तो एकटा खोलीत असतो, पंखा गरगरत असतो, आणि शेजारच्या टीव्हीवरचं बोलणं भिंतीपलीकडून अस्पष्ट येत असतं. एकटेपण आणि एकसुरी आवाज हे दोन्ही या भासांना खतपाणी घालतात. तसं असेल तर त्या दोन तासांत भाजी आणायला पाठवणं, कणीक मळायला घेणं, असा साधा बदलही फरक पाडतो.

पुढचा टप्पा पडताळणीचा. समजा, आवाज म्हणतात, ‘आम्हाला सगळं कळतं.’ उपचारक पत्त्यांचा जोड पालथा ठेवतो. मुलगा पान न बघता एकेक काढतो आणि आवाजाला विचारतो, कोणतं? असं दहा वेळा. एकदा-दोनदा नशिबाने बरोबर येऊ शकतं, म्हणून दहा, आणि म्हणूनच निकालाचा अर्थ काय लावायचा हे आधीच कागदावर लिहून ठेवायचं. ‘आम्ही सांगणार नाही जा’ असं आवाजाने म्हटलं, तर तेही तसंच लिहायचं. दुसरं उदाहरण : ‘बाहेर पडलास तर आईला अपघात होईल.’ यावर वाद नाही. आज फाटकापर्यंत, परवा कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत, मग बसस्टॉपपर्यंत. परत आल्यावर आई सुखरूप आहे, हे तो स्वतः बघतो आणि स्वतः लिहितो.

घरी हा पत्त्यांचा प्रयोग तुम्ही करू नका. उपचारकाशी विश्वास जुळलेला नसताना तो सापळा वाटतो, आणि आवाजांच्या यादीत तुमचंही नाव जातं.

उपचार फसतो त्याची कारणं ठरावीक आहेत. उपचारक दुसऱ्याच सत्रात ‘हे सगळं तुझ्या मनाचे खेळ आहेत’ असं पटवायला निघतो. घरचे चार सत्रांनंतर ‘काही फरक नाही’ म्हणून थांबवतात. किंवा गुंगीत असलेल्या मुलाला तासभर बसवलं जातं. तुमच्या मुलाला झोप येते, तर सत्र सकाळी उशिरा, २५-३० मिनिटांचं मागा. वाईट दिवशी नुसता चहा आणि गप्पा झाल्या तरी ते सत्र वाया गेलं असं समजू नका. उपचारकाकडे चिकित्सा मानसशास्त्रातली एम.फिल. आणि भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का, आणि त्याने सायकोसिसवर काम केलं आहे का, हे आधी विचारायला संकोच करू नका. फक्त नैराश्यावर काम केलेल्याला हे जमेलच असं नाही.

प्रश्न : मला स्वतःला आवाज येतात. कंपनीत शिफ्टला जातो. आवाज सुरू झाला की त्या क्षणी काय करायचं, एवढंच सांगा. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : आपण मनातल्या मनात बोलतो तेव्हाही जीभ, ओठ आणि घसा अगदी सूक्ष्म हलत असतात. आवाज येत असताना काही जणांच्या या स्नायूंत हालचाल होते, हे १९४०च्या दशकाच्या अखेरीस यंत्रावर टिपलं गेलं. एक मान्य तर्क असा की हे आपलंच मनातलं बोलणं असतं, पण ‘हे माझं’ अशी जी खूण मेंदू त्यावर एरवी उमटवतो, ती उमटत नाही आणि ते परकं वाटतं. त्यामुळे जीभ दुसऱ्या कामाला लावली की आवाजाची जागा अडते. गुणगुणा. सतराचा पाढा पुटपुटा, दोनाचा नको, तो जीभ आपोआप म्हणते आणि मन मोकळं राहतं. वर्तमानपत्रातला एक परिच्छेद मोठ्याने वाचा. समोर दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावं घ्या.

दुसरा उपाय कानाचा. औषधाच्या दुकानात फोमचे बोळे मिळतात. एकाच कानात घाला, अर्धा-पाऊण तास. दोन दिवस उजव्या, दोन दिवस डाव्या कानात घालून कुठे फरक पडतो ते बघा. काहींना चांगला आराम पडतो, काहींना काहीच नाही. दोन्ही कान बंद करू नका, शांततेत आवाज उलट मोठे होतात. आणि यंत्रावर काम करताना बोळा, इअरफोन काही नको. तिथे पाढा किंवा गुणगुणणंच ठीक. गाणी ऐकायची तर शब्द कळणारी आणि आवडती लावा, आवाज फोनच्या निम्म्याच्या थोडा वर. रस्त्यावर एकाच कानात.

लोकांसमोर आवाजाला उत्तर द्यावंसं वाटलं, तर फोन कानाला लावून द्या. कोणी वळून बघत नाही. वाक्य ठरलेलं ठेवा : ‘आत्ता कामात आहे, आठला बोलू.’ आणि आठ वाजता खरंच १५ मिनिटं द्या. गजर लावून बसा, ऐका, वाटलं तर उत्तर द्या, गजर वाजला की उठा. आवाज बोलतील तेव्हा तुम्ही हजर, हा क्रम उलटा करायचा आहे : तुम्ही वेळ द्याल तेव्हा त्यांनी बोलायचं. पहिला आठवडाभर ते वेळ पाळणार नाहीत. तरी वाक्य तेच आणि वेळ तीच ठेवा.

सगळे उपाय एकाच दिवशी करून पाहू नका. एक उपाय, एक आठवडा. आधी त्रासाला ० ते १० मध्ये आकडा द्या, दहा मिनिटांनी पुन्हा द्या. सरासरी दोनने उतरला तर तो उपाय तुमचा. असे दोन-तीन उपाय एका छोट्या कार्डावर लिहून पाकिटात ठेवा, कारण आवाज जोरात असताना आठवत काहीच नाही. आवाज अगदी टोकाला पोचल्यावरच पहिल्यांदा करून पाहिलं तर कोणताच उपाय लागू पडत नाही. शांत दिवशी सराव करा. दिवसभर इअरफोन घालून बसणं, आवाजावर ओरडणं, आणि दारू, हे तिन्ही टाळा. दारूने आज रात्री गप्प होतात, उद्या दुपारी दुपटीने येतात.

रात्रपाळी असेल तर डॉक्टरांकडून दिवसपाळीसाठी चिठ्ठी घ्या. तिच्यावर आजाराचं नाव लिहिण्याची गरज नसते, ‘वैद्यकीय कारण’ पुरतं.

प्रश्न : माझ्या मिस्टरांना आवाज सांगतो, ‘विहिरीत उडी मार.’ ते म्हणतात, मी नाही ऐकत त्याचं. पण परवा रात्री ते विहिरीच्या कठड्याशी उभे होते. (एक बहीण, लातूर जिल्हा)

उत्तर : ताई, यात थांबायला वेळ नाही. मासिक हाती पडेपर्यंत दिवस जातात, म्हणून तुम्हाला वेगळं कळवलंच आहे. इतरांसाठी इथे लिहितो. हुकूम देणारा आवाज असेल आणि माणूस त्या जागेपर्यंत गेला असेल, तर त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञ किंवा जिल्हा रुग्णालय गाठायचं. तोवर त्यांना एकटं सोडू नका. फवारणीच्या औषधाच्या बाटल्या घराबाहेर, कुलपात, आणि किल्ली तुमच्याकडे. दोर, विळे, कोयते नजरेआड. विहिरीकडे जाणारं दार रात्री बंद. कधीही मदत हवी तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलतात. जिवाला धोका दिसला तर ११२. ते दाखल व्हायला तयार नसतील, तरी मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७च्या कलम ८९ प्रमाणे नामनिर्देशित प्रतिनिधीच्या (कायद्याने रुग्णाच्या वतीने बोलणाऱ्या माणसाच्या) अर्जावर, दोन तज्ज्ञांनी तपासून, ३० दिवसांपर्यंत दाखल करता येतं. ‘जबरदस्ती कशी करायची’ या विचाराने पुष्कळ घरं थांबून राहतात, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

‘मी ऐकत नाही’ असं म्हणणारा माणूस अनेकदा अर्धा हुकूम पाळत असतो. उडी मारायची नाही, पण कठड्यापर्यंत जायचं, म्हणजे आवाजाची समजूत निघेल. तुमचे मिस्टर बहुधा हेच करत असतील. यात धोका असा की काही घडलं नाही याचं श्रेय ‘थोडं तरी ऐकलं’ याला मिळतं आणि आवाजाची पत वाढते. संकट सरल्यावर करायचा उपचार नेमका यावर काम करतो. हुकूम अजिबात न पाळता काय होतं, हे उपचारकासोबत, अगदी निरुपद्रवी हुकमापासून तपासायचं : ‘डावी चप्पल आधी घाल’ म्हणाला तर उजवी आधी घालायची. ब्रिटनमध्ये १९७ जणांवर याची चाचणी झाली. २०१४ मध्ये आलेल्या निकालात १८ महिन्यांनंतर, नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपैकी ४६ टक्के लोकांनी धोक्याचा हुकूम पाळला होता, हा उपचार घेतलेल्यांत २८ टक्क्यांनी. विशेष म्हणजे आवाज तितकेच येत होते. कमी झाली होती ती त्यांची सत्ता.

आणि एक. ‘जीव द्यायचा विचार येतो का?’ हे त्यांना सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात घातला जात नाही.

प्रश्न : धाकटा भाऊ म्हणतो, ‘ऐक, आता बोलतायत.’ आम्ही म्हणतो, कोणी नाही बोलत, तर तो चिडतो. हो म्हणावं तर खोटं. घरात काय बोलायचं? गावातले लोक म्हणतात, बाहेरची बाधा आहे, बघून घ्या. (रत्नागिरी)

उत्तर : ‘नाही’ही नको आणि ‘हो’ही नको. त्याला आवाज ऐकू येतो हे खरंच आहे. मेंदूच्या तपासणीत त्या वेळी बोलण्या-ऐकण्याचे भाग जागे दिसतात. म्हणून म्हणा : ‘मला नाही ऐकू येत रे, पण तुला येतंय हे मला मान्य आहे. फार त्रास देतायत का?’ मग आवाजाबद्दल एक-दोन प्रश्न, आणि लगेच हाताला काम : ‘चल, नारळ सोलू.’ ‘परत सुरू झालं का तुझं!’ हे वाक्य घरातून काढूनच टाका.

टोमणे, सततची टीका आणि अतिकाळजी यांमुळे आजार उलटण्याचं प्रमाण वाढतं, हे १९७०च्या दशकापासून लंडनमधल्या अभ्यासांनी पुन्हा पुन्हा दाखवलं. अशा घरात आठवड्याला ३५ तासांहून जास्त समोरासमोर राहणाऱ्यांना धोका सर्वांत मोठा होता. यावरून घरच्यांमुळे आजार होतो असं कोणी म्हणू नये, तो तसा होत नाही. पण घर त्याला सावरू शकतं. म्हणूनच कुटुंबासोबतची सत्रं ही उपचाराचा भाग आहेत, तीन महिने ते वर्षभरात किमान दहा. त्यात शिकायचं असतं ते अगदी साधं : एका वेळी एकच माणूस बोलेल, वाक्य छोटं असेल, एका वाक्यात एकच सूचना असेल. ‘उठ, आंघोळ कर, गोळी घे आणि त्या कागदावर सही कर’ या चार गोष्टी आहेत. आवाजांच्या गलबल्यात त्यातली पहिलीसुद्धा पोचत नाही.

देवळात जाऊन, आरतीला बसून त्याला बरं वाटत असेल तर जरूर जा. पण उपास घडवणं, गोळ्या थांबवायला सांगणं, मारणं, धुरी देणं, बांधून ठेवणं यांतलं काही सुचवलं गेलं, तर तिथून उठा. साखळदंडाने बांधण्यावर मानसिक आरोग्य सेवा कायद्याने बंदी आहे, आणि भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं महाराष्ट्राच्या २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

प्रश्न : चुंबकाच्या मशीनने आवाज जातात अशी जाहिरात पाहिली. खर्च करावा का? शॉक देतात तोच हा प्रकार का? (पुणे)

उत्तर : शॉक नव्हे. आरटीएमएस या यंत्राची गुंडाळी डाव्या कानाच्या वर, जरा मागे धरतात आणि सेकंदाला एक या मंद गतीने चुंबकीय ठोके देतात. सत्र १५-२० मिनिटांचं, आठवड्यात पाच, दोन ते चार आठवडे. भूल लागत नाही. टकटक आवाज येतो, डोकं थोडं दुखू शकतं, क्वचित फिट येते. डोक्यात धातूची क्लिप, कानात कॉक्लिअर इम्प्लांट किंवा छातीत पेसमेकर असेल तर आधी सांगायलाच हवं. सुरुवातीच्या अभ्यासांत चांगला गुण दिसला, पण नंतरच्या काही मोठ्या चाचण्यांत ठोके न देणाऱ्या खोट्या यंत्रापेक्षा फरक पडला नाही. ज्यांना गुण येतो त्यांचाही तो काही आठवडे ते महिने टिकतो.

डोक्याला मंद वीजप्रवाह देणारं टीडीसीएस हे दुसरं यंत्र स्वस्त आणि सुटसुटीत आहे. दोन ओले स्पंज, दोन मिलिअँपिअरचा मंद प्रवाह, २० मिनिटं, दिवसातून दोनदा, पाच दिवस. २०१२ मधल्या ३० जणांच्या फ्रेंच अभ्यासात आवाज ३१ टक्क्यांनी उतरले, पुढचे निकाल मात्र संमिश्र आले. आपल्याकडे बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेत यावर बरंच काम होतं.

आमचं मत : क्लोझापिनचा विचार आणि बोलून करायचा उपचार झाल्यावरच इकडे वळा, आणि शक्यतो वैद्यकीय महाविद्यालयाच्या किंवा मोठ्या संस्थेच्या विभागात. ‘आवाज कायमचे घालवू’ अशी हमी देणाऱ्याकडे जाऊ नका. किती सत्रांनंतर मोजमाप करणार आणि फरक नसेल तर कधी थांबणार, हे पैसे भरण्याआधी लिहून मागा. ज्याला लोक शॉक म्हणतात ती ईसीटी वेगळी. तिचा उपयोग जीव धोक्यात असताना, माणूस लाकडासारखा ताठून बसला असताना, किंवा क्लोझापिनलाही दाद मिळत नसताना होतो. भूल आणि स्नायू शिथिल करणारं औषध दिल्याशिवाय ती देणं कायद्याने मना आहे.

प्रश्न : मी लंडनला असते, भाऊ पुण्यात. इथे ‘अवतार थेरपी’ ऐकली. तिथे करता येईल का?

उत्तर : ही ज्युलियन लेफ या मनोविकारतज्ज्ञांची कल्पना, २००८ची. शुभार्थी संगणकावर आवाजाचा चेहरा आणि स्वर तयार करतो. उपचारक दुसऱ्या खोलीत बसून कधी त्या चेहऱ्यातून, कधी स्वतःच्या आवाजात बोलतो. सुरुवातीला चेहरा नेहमीच्याच शिव्या देतो, शुभार्थी ठामपणे उत्तर देतो, आणि सत्रागणिक चेहरा नमतो. संभाषणाचं ध्वनिमुद्रण घरी ऐकायला देतात. १५० जणांच्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १२ आठवड्यांनंतर आधार देणाऱ्या समुपदेशनापेक्षा हा उपचार सरस ठरला, पण २४ आठवड्यांना तो फरक उरला नाही. २०२४ मध्ये ३४५ जणांच्या चाचणीत लांब पल्ल्याच्या प्रकारात आवाजांचं प्रमाणही घटलं.

पुण्यात यातलं सार रिकाम्या खुर्चीने साधता येतं. आवाज समोरच्या खुर्चीत आहे असं धरून भाऊ त्याच्याशी बोलतो. आधी उपचारक वाक्य म्हणून दाखवतो, मग भाऊ म्हणतो : ‘तू बोल, पण ठरवणार मी.’ पाठ ताठ, पाय जमिनीवर, आवाज ना चढलेला ना पडलेला. हे अनुभवी उपचारकासमोरच करायचं. मोबाइलवरच्या बोलक्या चेहऱ्याच्या अॅपशी घरी एकट्याने तर मुळीच नको.

प्रश्न : दहा दिवसांच्या मौन शिबिराला मुलीला पाठवावं का? योगासनांचं काय? (मडगाव)

उत्तर : मौन शिबिर नको. दीर्घ शांतता, मिटलेले डोळे आणि तुटलेली झोप हे तिन्ही आवाजांना मोकळं रान देतात. ध्यान करायचंच तर डोळे उघडे किंवा अर्धे मिटलेले, जास्तीत जास्त दहा मिनिटं, आणि शिकवणारा दर मिनिटाला काहीतरी बोलत राहील असं. आवाज आला की ‘आवाज आला’ अशी नोंद घेऊन पुन्हा श्वासाकडे, त्याला हुसकायचं नाही. आसनं जरूर करू दे, आठवड्यात चार-पाच दिवस. निरुत्साह आणि लोकांत मिसळणं यांत त्याने सुधारणा होते. आवाजांवर थेट परिणामाची अपेक्षा ठेवू नका.

प्रश्न : आमच्या तालुक्यात मानसशास्त्रज्ञ नाही. गट सुरू करता येईल का? (निवृत्त शिक्षक, वर्धा जिल्हा)

उत्तर : सर, येईल. १९८७ मध्ये मारियुस रोम हे डच मनोविकारतज्ज्ञ त्यांच्या शुभार्थीसह टीव्हीवर आले आणि आवाज ऐकू येणाऱ्यांनी संपर्क साधावा असं आवाहन केलं. सुमारे ४५० जणांनी आपल्याला आवाज येतात असं कळवलं, आणि त्यांतले कित्येक कधीच रुग्णालयात गेले नव्हते. त्यातून आवाज ऐकणाऱ्यांच्या गटांची चळवळ उभी राहिली.

सहा ते आठ जण, पंधरवड्याला एकदा, ठरलेला वार, दीड तास, मध्ये चहा. शाळेची किंवा वाचनालयाची खोली चालेल, दवाखान्याची नको. शुभंकरांचा गट वेगळ्या वेळी घ्या, नाहीतर आईसमोर मुलगा बोलत नाही. पहिल्या बैठकीत तीन नियम : इथलं बाहेर जाणार नाही, दुसऱ्याच्या आवाजाचा अर्थ आपण लावायचा नाही, गोळ्यांचा सल्ला कोणी द्यायचा नाही. प्रत्येकाने एकच सांगायचं : या पंधरवड्यात काय उपयोगी पडलं. गट बहुधा दोन कारणांनी मोडतो. चालवणारा एकटाच बोलत राहतो, किंवा कोणी अचानक बिघडल्यावर काय करायचं हे ठरलेलं नसतं. म्हणून सेवाग्रामच्या रुग्णालयातल्या मनोविकार विभागाशी किंवा जिल्हा रुग्णालयातल्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाशी आधीच बोलून ठेवा.

शिकवलेला स्थानिक कार्यकर्ताही बरंच करू शकतो. सातारा, गोवा आणि तमिळनाडू इथे २८२ जणांवर झालेल्या, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशा कार्यकर्त्यांनी घरी जाऊन काम केलं. नुसत्या दवाखान्यातल्या उपचारांपेक्षा लक्षणं आणि रोजचं कामकाज या दोन्हींत बेताची, पण खरी सुधारणा दिसली.

प्रश्न : माझ्या जाऊबाईंना वारलेल्या सासूबाईंचा आवाज येतो. ‘उठ, दूध उतू जाईल’, ‘जेवून घे’ असं सांगतात. त्यांना तो हवासा वाटतो. घालवायचा का? (सोलापूर)

उत्तर : घालवायची घाई नको. चेन्नई, घाना आणि कॅलिफोर्निया इथल्या प्रत्येकी २० शुभार्थींच्या, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत चेन्नईत निम्म्याहून अधिकांना नातेवाइकांचे आवाज येत होते, आणि ते स्वयंपाक, आंघोळ, आवराआवर असलं घरकामच सांगत होते. अमेरिकेतले आवाज कितीतरी जास्त हिंसक होते. जाऊबाईंच्या गोळ्या, झोप आणि जेवण ठीक असेल, तर तो आवाज डॉक्टरांना सांगून ठेवा आणि राहू द्या. लक्ष मात्र ठेवा. ‘जेवून घे’चं ‘जेवू नकोस’ झालं, सासूबाई रागावू लागल्या, ‘माझ्याकडे ये’ म्हणू लागल्या, किंवा त्यांच्यासोबत अनोळखी आवाज आले, तर पुढच्या तारखेची वाट न बघता दाखवा. जाऊबाईंना अधूनमधून सहज विचारत जा, ‘काय म्हणतात सासूबाई?’ असं विचारलं जातं त्या घरात हा बदल लवकर कळतो.